रोहिड्याच्या मुलखात

फाल्गुनात महाराष्ट्रातून उत्तरेकडे निघालेल्या गाडीच्या खिडकीत पळस बराच वेळ सोबत करतो. खानदेशात तो बांधावर उभा असतो, गुजरातच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर त्याची रानंच्या रानं लागतात, आबूच्या पायथ्यालाही तो भेटतो. अरवली ओलांडली की माती फिकट होते, झाडं बुटकी होतात आणि पळस मागे राहतो. केशरी रंग मात्र संपत नाही. जोधपूरच्या पश्चिमेला तो दुसऱ्याच एका झाडाने उचललेला असतो. त्या झाडाचं नाव रोहिडा, आणि आमची ही भटकंती त्याच्याच मागावर होती.

रोहिडा हे वाळूचं झाड. उंची फार तर सात-आठ मीटर, खोड बहुधा वाकडं, फांद्या खाली झुकलेल्या, पानं लांबट, राखाडी हिरवी आणि कडेला लहरी. वर्षाला दीडशे मिलिमीटर पाऊस त्याला पुरतो. उन्हाळ्यातलं अठ्ठेचाळीस अंशांचं ऊन आणि हिवाळ्यातली गोठवणारी पहाट, दोन्ही तो निमूट सोसतो. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव टेकोमेला अंड्युलाटा. टेकोमेला या प्रजातीत जाती ही एवढी एकच. ओमान आणि दक्षिण इराणपासून पाकिस्तानमार्गे थरच्या वाळवंटापर्यंत त्याचा पसारा आहे. कुळाने पाहिलं तर सह्याद्रीतले पाडळ, मेडशिंगी, वारस आणि टेटू ही त्याची आपल्याकडची भावकी. राजस्थान सरकारने १९८३ साली त्याच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला. त्याच वर्षी खेजडी राज्यवृक्ष झाली. एकाच सरकारी दरबारात मान मिळालेल्या या दोन झाडांचं नशीब किती वेगळं, हे पुढच्या वाटेवर कळत गेलं.

जोधपूर हे वाळवंटाचं दार असलं तरी शहर खडकावर बसलंय. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. सत्तरेक हेक्टरांचा हा भाग ज्वालामुखीच्या खडकाचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो विलायती बाभळीने गिळला होता. जोधपूरकर या बाभळीला ‘बावळिया’ म्हणतात. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात ती वेडी बाभूळ म्हणून कुप्रसिद्ध आहे. मारवाडात तिला आणलं राजाने. १९३०च्या दशकात महाराजा उमेदसिंहांनी विमानातून तिचं बी पेरवलं, अशी नोंद आहे. ओसाड मुलूख हिरवा व्हावा हा हेतू. मुलूख हिरवा झाला, पण तिच्या खाली दुसरं काही उगवेना. २००६ पासून निसर्गलेखक प्रदीप कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हटवायला घेतली, तेव्हा खोडं तोडून भागेना, मुळं खडकाच्या फटीत खोल गेलेली. शेवटी खाणीत दगड फोडणाऱ्या खंडवालियांना बोलावलं. हातोड्याने दगड वाजवून, आवाजावरून तो कुठे फुटेल हे ओळखणारी ही माणसं. त्यांनी छिन्नीने खडक कोरत मुळं उपटली आणि त्याच खड्ड्यांत वाळवंटातली मूळची झाडं लावली गेली. आता तिथे थोराची गर्दी आहे, गुग्गुळ आहे, गवतं आहेत. रोहिड्याला मात्र खडकापेक्षा वाळू प्यारी, म्हणून त्याच्यासाठी शहराबाहेरच पडावं लागतं.

बाहेर पडण्याआधी पोटाची सोय. जोधपूरचा मिर्ची बडा म्हणजे वीतभर लांब, जाड मिरचीत बटाट्याचं सारण भरून बेसनात तळलेला ऐवज. सकाळी नऊ वाजता दुकानासमोर उभं राहून लोक तो चहाबरोबर खातात. आपल्याकडे मिरची ही वड्याच्या बाजूला ठेवायची गोष्ट, इथे वडाच मिरचीचा. तिखट लागलं म्हणून तोंड उघडं ठेवून उभं राहिलं की दुकानदार न सांगता मावा कचोरी पुढे करतो. भाषेत गोडवा तर इतका की शेंबड्या पोरालाही नावापुढे ‘सा’ लावून हाक मारतात. मराठी घरात ‘तू’ म्हणणं हे मायेचं लक्षण. इथे माया आणि अदब एकाच ताटात वाढतात. आमचा गाडीवानही ‘हुकम’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नसे आणि आम्ही त्याला ‘भाईसा’ म्हणावं हे त्याने पहिल्या तासातच ठरवून टाकलं.

पहिला रोहिडा खेजडलीच्या रस्त्यावर दिसला. जोधपूरच्या आग्नेयेला, सव्वीसेक किलोमीटरवर हे गाव. शेत नांगरून पडलेलं, मधोमध एकटं झाड, आणि पानांपेक्षा फुलंच जास्त. आमची बोटं खिडकीबाहेर गेलेली पाहून भाईसा हसला. “दिसायला देखणं, वासाला काही नाही,” तो म्हणाला. “आमच्यात नुसता मिरवणारा, कामाला शून्य असा माणूस असला ना हुकम, तर त्याला रोहिड्याचं फूल म्हणतात.” मग स्वतःच्या भाच्याचं उदाहरण आलं. गॉगल, मोटारसायकल, तीनदा नापास. पळसाच्या फुलालाही वास नसतोच की. पण आपण त्याचा होळीचा रंग केला, पानांच्या पत्रावळी केल्या आणि वासाची बाब सोडून दिली. मारवाडात झाडाची उलटतपासणी कडक असते. तू देखणा आहेस ते दिसतंय, पण देतोस काय?

या परीक्षेत पहिली आलेली खेजडी. आपण विजयादशमीला जिला हात जोडतो ती शमी हीच. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, भाजीच्या. पिकलेल्या शेंगा खोखा, त्या पोरं तशाच खातात. पाल्याला लूंग म्हणतात, तो उंट-शेळ्यांचा चारा. तिच्या सावलीत बाजरी खुरटत नाही, उलट जोमाने येते, म्हणून शेतात ती मुद्दाम राखतात. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ, विक्रम संवत १९५६ मधला म्हणून ‘छप्पनिया’, त्यात लोकांनी हिच्या सालीचं पीठ करून जीव जगवला. अशा झाडासाठी माणसं काय करतील याचं उत्तर खेजडलीत मिळतं. १७३० साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या नव्या महालासाठी चुन्याच्या भट्ट्यांना सरपण हवं होतं. दिवाण गिरधर भंडारीची माणसं कुऱ्हाडी घेऊन इथे आली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्या आणि त्यांच्या तीन मुली मारल्या गेल्या. मग आसपासच्या गावांतून बिश्नोई येत राहिले, झाडांना बिलगत राहिले, आणि ३६३ माणसं मेली तेव्हा कुऱ्हाडी थांबल्या.

आज तिथे स्मारक आहे, मंदिर आहे आणि खेजड्यांची शांत राई. भाद्रपद शुद्ध दशमीला इथे जत्रा भरते. आपल्याकडे गणपतीचे दिवस सुरू असतात तेव्हा इथे झाडांसाठी गेलेल्यांचं स्मरण होतं. बिश्नोई पंथ जांभोजींनी १४८५ साली स्थापला. त्यांचे नियम एकोणतीस आणि त्यांतला एक हिरवं झाड न तोडण्याचा. लाकूड वाचावं म्हणून हे लोक मृतांना दहन करत नाहीत, पुरतात. स्मारकाच्या आवारात पांढऱ्या फेट्याचे एक आजोबा चिमण्यांना दाणे टाकत होते. रोहिड्यासाठी कुणी असा जीव दिला होता का, असं विचारल्यावर त्यांनी आमच्याकडे जरा वेळ पाहिलं. “नियमात हिरवं झाड आहे,” ते म्हणाले. “कुठलं, ते लिहिलेलं नाही.” उत्तर पक्कं होतं. तरी खेजडीच्या नावाने गाव आहे, रोहिड्याच्या नावाने शेलकी शिवी, हेही खरंच.

वायव्येला वळलं की ओसियां लागतं. आठव्या शतकापासूनची देवळं, त्यांच्या पायऱ्यांवर नवस फेडायला आलेली नवी जोडपी, आणि गावाबाहेर लगेच पहिले वाळूचे टिबे. इथून पुढे रोहिडे एकेकटे न राहता पाच-दहाच्या घोळक्याने दिसू लागतात, आणि रंगांचा गोंधळ सुरू होतो. एक झाड लिंबासारखं पिवळं, त्याच्या शेजारचं केशरी, पलीकडचं गडद लाल. सगळी एकाच जातीची.

फलोदीच्या अलीकडे एका झाडाखाली गाडी थांबवून आम्ही निवांत बसलो. झाड केशरी होतं. फूल चाफ्याच्या फुलाएवढं लांब, कर्ण्यासारखं, बाहेरून फिकट आणि आत गेलं की रंग चढत जाणारा. पाच पाकळ्यांची तोंडं मागे वळलेली, त्यांच्या कडा चुरगळलेल्या. चार पुंकेसर वरच्या बाजूने बाहेर डोकावणारे. फूल उलटं केलं की तळातला मध तळहातावर पाण्यासारखा ओघळतो. चव अगदी सौम्य. नाकाशी धरलं तर खरंच काही नाही. पण बुलबुलाला वासाशी काय घेणं? पांढऱ्या गालाचा एक बुलबुल फांदीवर उतरला, कर्ण्यात मान खुपसली आणि बाहेर आला तो कपाळावर परागांचा टिळा लावून. त्याच टिळ्यानिशी तो पुढच्या फुलात शिरला. सूर्यपक्षी, मुंग्या, खारी, सगळ्यांची ये-जा सुरू होती. वासाने बोलावावं लागतं ते किड्यांना. पक्षी रंग पाहून येतात, म्हणून या झाडाने सगळा खर्च रंगावर आणि मधावर केलेला आहे. भाईसाच्या भाच्याशी त्याची तुलना जरा अन्यायाचीच.

जमिनीखालची मेहनत तर कुणाला दिसतच नाही. रोहिड्याची मुळं वाळूच्या वरच्या थरात आडवी दूरवर पसरतात आणि सरकणारा टिबा जागच्या जागी धरून ठेवतात. मे-जूनच्या वादळात इथे रात्रीत रस्ता गडप होतो, तेव्हा या जाळ्याची किंमत कळते. फलोदी हे काही सौम्य गाव नाही. १९ मे २०१६ रोजी इथे ५१ अंश तापमान नोंदलं गेलं आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत गावाचं नाव पहिल्या पानावर आलं. तेच ऊन आता विकलंही जातं. इथून वायव्येला भडला इथे २,२४५ मेगावॉटचं सौरउद्यान आहे, चौदा हजार एकरांच्या आसपास. दुरून पाहिलं तर वाळवंटात तळं भरल्यासारखं वाटतं. पश्चिम राजस्थानात असे प्रकल्प वाढताहेत आणि त्यांच्यासाठी खेजड्या, रोहिडे तुटताहेत, म्हणून गावोगाव धरणी धरली जातात. स्वच्छ विजेसाठी हिरवी झाडं जावीत का, हा प्रश्न इथे पोटतिडकीने विचारला जातो. विनापरवाना झाड तोडणाऱ्याला १९५५ च्या राजस्थान काश्तकारी कायद्याने पहिल्या वेळचा दंड ठरवला होता तो शंभर रुपयांचा. आंदोलकांच्या भाषणात हा आकडा हमखास येतो.

पोखरणच्या वाटेवर एका ढाब्यावर दुपार झाली. खाटा टाकलेल्या, वर खींपाच्या काड्यांचं छप्पर. जेवणात बाजरीची जाड भाकरी, तिला सोगरा म्हणतात, लसणाची चटणी आणि दह्यात कालवलेलं काहीतरी गुलबट. ते फोगाच्या कळ्यांचं रायतं निघालं. फोग हे वाळूच्या टिब्यावरचं बिनपानांचं झुडूप. त्याच्या नाजूक फुलांना फोगला म्हणतात. फाल्गुन-चैत्रात बायका चादरी पसरून ती झोडपून गोळा करतात, वाळवून वर्षभर ठेवतात आणि लागेल तशी उकडून दह्यात घालतात. चव किंचित आंबूस, वास पावसात भिजलेल्या लाकडाचा. आपल्याकडे हादग्याची फुलं भाजीत येतात, शेवग्याची येतात, पण फूल हा जेवणातला लाड असतो. इथे तो साठवणीचा जिन्नस. केरचंही तसंच. केर म्हणजे आपली नेपती, काटेरी, पानं नावालाच, विटकरी लाल फुलांची. तिची कडू फळं मिठाच्या पाण्यात किंवा ताकात कित्येक दिवस बुडवून कडूपणा काढतात आणि सांगरीसोबत शिजवतात. वाळवंटात फुलणाऱ्या प्रत्येक झुडपाला कुणीतरी कधीतरी स्वयंपाकघरात नेऊन पाहिलंय. रोहिड्याचं फूल त्या परीक्षेतही नापास. ते शेळ्या खातात, उंट खातात, माणसं नाही.

ढाब्याच्या मालकाने तिसरा सोगरा वाढायला आणला. नको म्हटल्यावर त्याने तो आमच्या ताटावर धरूनच ठेवला. याला इथे मनुहार म्हणतात. आपल्या पंगतीतला आग्रह ‘अजून एक तरी’ म्हणत पुढे सरकतो. मनुहार करणारा पुढे सरकतच नाही, तुम्ही हो म्हणेपर्यंत तो तिथेच उभा. जिथे पाणी मोजून आणि धान्य नशिबाने मिळतं, तिथेच हात इतका सैल कसा, याचं नवल वाटत राहतं. थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक. इतकी माणसं इथे टिकली ती एकमेकांच्या दारात हक्काने जेवूनच, असं भाईसाचं म्हणणं.

जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला आषाढात एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो. सोनेरी किल्ला, हवेल्या, उंटावर बसून फोटो काढणारी गर्दी हे सगळं पाहून झालं आणि आम्ही आग्नेयेला देगरायच्या ओरणात गेलो. ओरण म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान. आपल्या देवराईची ही वाळवंटातली बहीण. कोकणातली देवराई इतकी दाट की भर दुपारी आत काळोख. ओरण मात्र हजारो बिघे पसरलेलं, उघडं, चाराच चारा, मधे खेजडी, बोर, कुमट, जाळ आणि फुललेले रोहिडे. गुरं चरायला मुभा, कुऱ्हाडीला नाही. देगराय मातेच्या देवळाजवळ तळं आहे आणि तळ्यावर दुपारी उंट, मेंढ्या, पाखरं असा सगळा बाजार.

इथले रोहिडे जाडजूड होते. रस्त्याकडेला पाहिलेल्या झाडांची खोडं मनगट-मांडीएवढी, इथे एका झाडाला कवेत घ्यायला दोघं लागली. मेंढ्या राखणारा एक तरुण जवळ आला. देवळाच्या हद्दीतली वाळलेली फांदीही घरी नेत नाहीत, असं तो म्हणाला. नेली तर काय होतं? त्याने खांदे उडवले. “कुणी नेऊन पाहिली नाही.” सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावात राखणदाराबद्दल विचारलं तर असंच उत्तर मिळेल. माणसाच्या हिशेबात खेजडी वर, रोहिडा खाली. देवीच्या हिशेबात तो भेद नाही, आणि म्हणूनच म्हातारा रोहिडा पाहायचा तर तिच्या दारात यावं लागतं.

पण देवीची हद्द महसुलाच्या कागदावर बऱ्याचदा नसते. पडीक जमीन म्हणून नोंद झालेली ओरणं प्रकल्पांना गेली, त्यांवरून विजेच्या उच्चदाब तारा गेल्या. गोडावण, म्हणजे आपला माळढोक, या तारांना धडकून मरतो. समोरचं नीट न पाहू शकणारा हा जड पक्षी देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक याच मुलखात. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात आता तो दिसला तर बातमी होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची मोजणी करून त्यांना वन म्हणून संरक्षण द्यायला सांगितलं. गावकऱ्यांनी त्यासाठी आधीच पायी यात्रा काढून हद्दी चालून ठेवल्या होत्या.

जैसलमेर-बाडमेर रस्त्यावर सतराएक किलोमीटरवर आकल आहे. लोखंडी जाळ्यांच्या पिंजऱ्यांत दगड झालेले ओंडके, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या झाडांना फुलं नव्हतीच, ती सूचिपर्णी वर्गातली. सालीच्या रेघा अजून दिसतात. हा सगळा प्रदेश कधी काळी ओला, जंगली होता हे पटायला पाच मिनिटं जातात. बाहेर कुंपणाला लागून रुई आणि कडू वृंदावनाचे वेल पसरलेले होते.

शिव गावाच्या अलीकडे भाईसाच्या बहिणीचं सासर. त्याने गाडी न विचारताच तिकडे वळवली. अंगण शेणामातीने सारवलेलं, दोन गोल झोपड्या, एक पक्कं घर आणि अंगणाखाली टांका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी. टाक्यावर झाकण आणि झाकणाला कुलूप. तरी बसल्याबसल्या पहिला लोटा पाण्याचाच आला. बहीण घुंगट ओढून चुलीपाशी, पाहुण्यांशी बोलणं तिच्या सासूबाईंचं, म्हणजे माजीसांचं. त्यांच्या पायांत चांदीची जाड कडी, आवाज खणखणीत. महाराष्ट्रातून केवळ झाड बघायला आलो म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. “मग ते काय, बघा!” बांधावर तीन रोहिडे उभे होते, तिन्ही फुललेले. खाली फुलांचा सडा. माजीसांनी टोपली घेतली आणि फुलं गोळा करून शेळ्यांपुढे टाकली. शेळ्यांनी बाकी चाऱ्याकडे पाठ फिरवली. “महिनाभर यांना दुसरं काही लागत नाही,” त्या म्हणाल्या. “दुधाला बरं असतं.”

जेवताना वादाला तोंड फुटलं. धाकट्या मुलाला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा होता आणि बाडमेरचा व्यापारी दोन झाडं मागत होता. रोहिड्याचं लाकूड कठीण, वाळवी सहसा लागत नाही, रंधा मारला की गुळगुळीत होतं, नक्षी धरतं. मारवाडचा सागवान अशी त्याची ख्याती. खेजडी दर वर्षी थोडं थोडं देते, म्हणून ती उभी राखायची. रोहिडा एकदाच देतो, पडल्यावर. माजीसांचा हिशेब वेगळा होता. नातीच्या लग्नाला झाडं लागतील. नात सहा वर्षांची, ती सोगऱ्यावर तूप ओतून घेत होती. “आत्ता तोडलं तर लग्नाला काय, तुझा ट्रॅक्टर विकायचा?” मुलगा गप्प झाला, पण पटलेलं दिसलं नाही. सालीचा उपयोगही माजीसांना ठाऊक होता. पोटात पाणथरी वाढली की साल उकळून देतात. आपल्याकडच्या आयुर्वेदिक दुकानात यकृताच्या विकारांसाठी रोहितकारिष्टाची बाटली मिळते, ती याच्याच सालीच्या नावाने. जुन्या निघंटूंनी रोहितकाच्या फुलाला डाळिंबाच्या फुलाची उपमा दिलेली आहे आणि प्लीहेच्या रोगावरचं औषध म्हणून त्याला गौरवलंय. सालीसाठी सोललेलं खोड मात्र बहुधा वाळतं. म्हणजे औषधाचा हिशेबही शेवटी कुऱ्हाडीपाशीच.

निघताना माजीसांनी सांगरीची पुरचुंडी हातात कोंबली. पैसे देऊ केले तर त्या रागावल्याच.

बाडमेरच्या कारखान्यांच्या गल्लीत शिरल्याशिरल्या लाकडाचा भुसा नाकात जातो. जुन्या पद्धतीचे दरवाजे, झरोके, झोपाळे, देव्हारे. कारागीर जमिनीवर मांडी घालून, पायाच्या अंगठ्याने फळी दाबून धरतात आणि पटाशी बोटाने ढकलत वेल काढत जातात. नक्षीआधी कागद नाही, खडूची एक रेघ पुरते. पुण्या-मुंबईची हॉटेलं, परदेशातले व्यापारी, सगळ्यांचे दरवाजे इथे तयार होत होते. बहुतेक आंब्याच्या लाकडाचे, काही शिसमाचे. रोहिडा? म्हाताऱ्या मिस्त्रींनी कोपऱ्यातली एक फळी ओली फडकी फिरवून दाखवली. पिवळसर तपकिरी, त्यात गडद रेघा धुरासारख्या वर गेलेल्या. “एवढी रुंद फळी निघायला आजोबाने लावावं आणि नातवाने तोडावं,” ते म्हणाले. त्यांच्या तरुणपणी हे लाकूड गाड्या भरून यायचं. आता गिऱ्हाईक आग्रहच धरतं तेव्हा शोधावं लागतं. बाकी वेळा आंब्यालाच तसला रंग चढवतात. आमच्यातल्या एकाला एक झरोका फार आवडला. तो रोहिड्याचा आहे का, असं त्याने विचारलं. मिस्त्री हसून म्हणाले, “हवा तर आहे म्हणतो.”

भाईसा इतका वेळ फळीच्या रेघांवरून हात फिरवत होता. मग त्याने हळूच विचारलं, शिवच्या बाजूला बांधावरची दोन झाडं आहेत, चांगली जाड, काय द्याल? मिस्त्रींनी जाडी विचारली. भाईसाने दोन्ही हातांनी दाखवली. मिस्त्रींनी त्याचे हात जरा जवळ आणले आणि मग आकडा सांगितला. ट्रॅक्टरचे हप्ते निघाले असते. “पण आधी तहसीलचा परवाना आणा,” ते म्हणाले. “त्याशिवाय मी हात लावत नाही.”

“परवाना आणेन हो,” भाईसा म्हणाला. “माजीसांचा कोण आणणार?”